पी००८७ कोड, चढावर गाडी दम सोडते. सेन्सर बदलू का पंप?

पऱ्हाटीवाला_२९

नमस्कार मंडळी. मी आर्णी तालुक्यातला, शेती करतो. २०१५ ची डिझेल सात सीटर आहे, सेकंड हॅन्ड घेतलेली, १,३८,००० किमी झाली. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाई, नाईतर निस्ती ही गाडी चांगली का ती चांगली याच्यावरच गोष्टी होते.

त्रास असा आहे का दसऱ्यानंतर माहूरले चाललो होतो, गाडीत सात माणसं, गडाच्या चढावर तिसऱ्या गिअरमंदी पाय दाबला आन् गाडीनं एकदम दमच सोडला. पिवळा इंजिनचा लाईट लागला, ॲक्सिलेटर कितीही दाबा, आरपीएम दोन हजाराच्या वर जाईना. बाजूले घेतली, चाबी बंद केली, दोन मिनिटं थांबून चालू केली तं जसं काई झालंच नाई अशी चालली, लाईट मात्र तसाच. तवापासून हे तीनदा झालं. सपाट रस्त्यावर एकटा असलो का काईच त्रास नाई, लोड आला आन् पाय दाबला का मरते.

तालुक्याच्या एका गॅरेजमंदी नेली. त्यानं मशीन लावली, पी००८७ कोड आला, म्हणे रेल प्रेशर सेन्सर गेला, साडेसात हजार. मी म्हटलं सेन्सर टाकल्यावर नक्की होईन का, तं म्हणे नाई झालं तर हाय प्रेशर पंप उतरवा लागते, त्याचे पस्तीस-चाळीस हजार धरून चाला. सोयाबीनचे पैसे आले तसे कृषी केंद्राच्या उधारीत आन् पोरीच्या कॉलेजच्या फीमंदी गेले, कापूस अजून घरातच पडून आहे, आता असं अंदाजानं चाळीस हजार कुठून लावू.

मंग मी ऑनलाईन सहाशे रुपयाचं ते गाडीचे कोड वाचणारं ब्लूटूथवालं ओबीडी यंत्र मागवलं, मोबाईलवर ॲप टाकलं. मलेही तोच कोड दाखवते. पण पुढं काय पाहाव ते समजत नाई. आकडेच आकडे येते. फ्युएल रेल प्रेशर म्हणून एक आहे, तिथं गाडी उभी असताना चालू इंजिनवर २८,५०० च्या आसपास दाखवते, ते जास्त आहे का कमी?

अर्जंट याच्यासाठी आहे का बाबाले दर मंगळवारी यवतमाळले दवाखान्यात न्या लागते. यष्टीत त्यायले बसवत नाई. रस्त्यात गाडी मेली तर फार पंचाईत होईन.

अजून एक राहिलं. सकाळी चालू व्हाले वेळ लागते, सेल्फ लय मारा लागते, मले वाटत होतं बॅटरी जुनी झाली म्हणून. दसऱ्याच्या आठेक दिवस आधी सर्व्हिसिंग केली, ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर सगळं नवीन टाकलं आहे.

संत्रापट्टा

भाऊ एवढं टेन्शन नका घेऊ. ॲपमध्ये क्लिअर कोड असं बटन असते ते दाबा, लाईट जाते. माझ्या गाडीले पण लाईट लागला होता (कोड वेगळा होता) मी दोनदा क्लिअर केला, महिनाभर काही नाही आलं. आणि डिझेलमध्ये टाकायचं क्लीनर मिळते ते एक डबी टाकून पहा, इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरमध्ये कचरा असन तर निघून जाईन.

गुरुजी_वाशिम

कृपा करून कोड लगेच क्लिअर करू नका, दादा. संत्रापट्टा भाऊंनी चांगल्या मनानं सांगितलं, पण कोड पुसला की त्याच्यासोबत फ्रीझ फ्रेमही पुसली जाते आणि आत्ता तुमच्या हातात असलेली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. फ्रीझ फ्रेम म्हणजे कोड ज्या क्षणी पडला त्या क्षणाचे आकडे, आरपीएम किती, गाडीचा स्पीड किती, इंजिनवर लोड किती टक्के, पाणी किती गरम, हे सगळं ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, फोटो काढल्यासारखं जपून ठेवतो. ॲपमध्ये फ्रीझ फ्रेम नावानंच सापडेल, स्क्रीनशॉट घ्या किंवा सरळ वहीत लिहा. तुमच्या तोंडून आम्हाला कळलं की चढावर मरते, पण गाडीच्या स्वतःच्या नोंदीत तेच निघालं तर मग अर्धा रस्ता पार.

मी मेकॅनिक नाही, शाळेत विज्ञान शिकवतो, स्वतःच्या दोन गाड्यांवर हे सगळं शिकलो. तरी कोड वाचायचा कसा ते लिहितो, कारण इथं खूप जण नुसता आकडा बघून घाबरतात. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स. सी म्हणजे ब्रेक, एबीएस, स्टिअरिंगकडचं. बी म्हणजे बॉडी, एअरबॅग वगैरे. यू आलं तर गाडीतल्या वेगवेगळ्या कॉम्प्युटरांचं एकमेकांशी बोलणं तुटलं आहे. मग दुसऱ्या जागेवरचा, म्हणजे अक्षराला लागूनचा आकडा शून्य असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांत एकाच अर्थाचा, आणि १ असेल तर तो त्या कंपनीचा स्वतःचा, तिथं दुसऱ्या गाडीचा अर्थ इंटरनेटवरून उचलून लावला की फसलात म्हणून समजा. तिसऱ्या जागेवरचा आकडा भाग सांगतो, ०, १, २ आले की हवा आणि इंधन, ३ म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं), ४ म्हणजे धुराकडची यंत्रणा, ७ म्हणजे गिअरबॉक्स. आपल्याकडे ओबीडी-२, म्हणजे गाडीनं स्वतःची तपासणी करून असे कोड देण्याची पद्धत, बीएस-४ च्या नवीन गाड्यांना एप्रिल २०१३ पासून सक्तीची झाली, आणि तुमची गाडी कोड देते म्हणजे हे सगळं तिला लागू.

आता तुमचा पी००८७. पंपानं दाबलेलं डिझेल ज्या नळीत साठतं आणि जिथून सगळ्या इंजेक्टरला जातं ती रेल, सगळ्यांची सामाईक म्हणून कॉमन रेल. कोडचा अर्थ एवढाच की रेलमधलं डिझेलचं प्रेशर पाहिजे त्यापेक्षा फार कमी पडलं. सेन्सर गेला असं यात कुठंही लिहिलेलं नाही. सेन्सरच्या वायरिंगचे आणि सर्किटचे कोड वेगळे असतात, पी०१९० ते पी०१९४. त्यातला एकही तुमच्याकडे आलेला दिसत नाही. म्हणून साडेसात हजार काढायच्या आधी थांबा. २८,५०० चं म्हणाल तर ते बहुधा किलोपास्कलमध्ये आहे, शंभरनं भागा, २८५ बार आलं (दोन्ही दाबाचीच मापं). उभ्या गाडीला हे ठीकच वाटतं, पण पुढचं जाणकार सांगतील.

पंपरूम_अमरावती

गुरुजींनी बरोबर धरलं. मी अमरावतीत डिझेल पंप आन् इंजेक्टरच्या टेस्ट बेंचवर, म्हणजे ते गाडीतून उतरवून तपासाच्या मशीनवर, १७ वर्ष काम केलं, आता चांदूर बाजारकडं शेती पाहतो, म्हणून दोन्हीकडचं समजते. पऱ्हाटीवाला भाऊ, तुमच्या नावावरूनच सांगतो. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लाल पडली का आपण म्हणतो लाल्या आला. आता लाल्या कशानं येते? मॅग्नेशियम कमी पडलं तरी येते, नत्र कमी पडलं तरी, तुडतुड्यानं रस शोषला तरी, पाणी साचलं तरी, एकदम थंडी पडली तरी. पान एकच लाल दिसते. दुकानवाल्यानं पान पाह्यलं आन् फवारणीची बाटली हातात दिली तं कधी लागू पडते, कधी पैसे मातीत. पी००८७ तसाच आहे. बेंचवर असताना माझ्याकडं असे कितीतरी पंप यायचे जे लोकांनी या एका कोडवरून उतरवून आणले, बेंचवर लावले का प्रेशर एकदम बराबर. पंप उतरवाची मजुरी गेली, टायमिंग काढलं ते येगळं, गाडी चार दिवस उभी ते येगळं. मले तवाही वाईट वाटत होतं आन् आताही वाटते, कारण आणणारा माणूस बहुतेक करून उसने पैसे घेऊन आलेला असे.

प्रेशर कमी पडाले कारणं काय काय आहे ते डिझेलच्या वाटेनं टाकीपासून चालत पाहा. टाकीतली जाळी चोक, टाकी ते फिल्टर पाइप चिरलेला किंवा दबलेला, फिल्टर चोक, फिल्टरच्या जोडावरून हवा ओढणं, मंग पंपात किती डिझेल जावं ते ठरवणारा पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह, मंग पंप स्वतः, मंग रेलवरचा व्हॉल्व्ह, आन् शेवटी इंजेक्टर जे रिटर्नमंदी, म्हणजे टाकीकडं परत जाणाऱ्या पाइपात, जास्त डिझेल सोडून देते. सेन्सर खोटं बोलून रायला असंही होऊ शकते, पण ते तपासाले एक रुपया लागत नाई. वाटेच्या सुरुवातीचं सगळं स्वस्तात पाहाता येते, शेवटचं महाग. म्हणून सुरुवातीपासूनच चाला, गॅरेजवाल्यानं शेवटाकडून सुरू केलं हीच गडबड.

आता तुमच्या लिहिण्यात दोन गोष्टी आहे ज्या तुम्ही जाता जाता लिहिल्या आन् मले सगळ्यात मोठ्या वाटल्या. एक, सकाळी सेल्फ लय मारा लागते. दोन, हे सगळं सुरू झालं ते डिझेल फिल्टर बदलल्यावर. बॅटरीचा संशय तूर्त बाजूले ठेवा. कॉमन रेल गाडीत सेल्फ मारताना रेलमंदी साधारण दीडशे-दोनशे बार तयार झाल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडतच नाई, म्हणून रात्रभरात पाइपातलं डिझेल मागं टाकीत उतरलं आन् त्याच्या जागी हवा आली तं सकाळी आधी ते भरा लागते, तोवर सेल्फ फिरतच रायते.

आधी हे सांगा का तुमच्या गाडीत फिल्टरजवळ हातानं दाबाचा रबरी फुगा किंवा बटन आहे का? का चाबी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद घूंऽ असा आवाज येते? फुगा असन तं बहुतेक करून टाकीत इलेक्ट्रिक पंप नाई, म्हणजे समोरचा पंपच डिझेल ओढून आणते. मंग असं करा. सकाळी इंजिन थंड असताना, रात्रभर उभी असलेली, चाबी फक्त ऑन करा, सेल्फ मारू नका, आन् रेल प्रेशर पाहा. रेलमंदी काईच नसते तवा, सेन्सरनं शून्य किंवा शून्याजवळ दाखवाले पाह्यजे. त्यानं तिथंच पन्नास बार शंभर बार दाखवलं तं मग सेन्सर किंवा त्याची वायर. मंग एक दिवस सरळ सेल्फ मारून किती सेकंद लागते ते मोजा, दुसऱ्या दिवशी आधी फुगा कडक होईपर्यंत दाबा आन् मंग सेल्फ मारा. फिल्टरच्या खालचा ड्रेन ढिला करून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत थोडं डिझेल काढा, रात्रभर ठेवा, खाली पाणी बसते का पाहा. आन् शेवटचं, घरच्या कोणाले शेजारी बसवून मोबाईल त्याच्या हाती द्या, चढावर पाय पूर्ण दाबा आन् त्यानं प्रेशर कुठवर चढते आन् कवा पडते ते पाहाव. गाडी चालवणाऱ्यानं मोबाईल पाहू नये.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. ट्रॅक्टरवर आपण इंजेक्टरचा नट ढिला करून एअर काढतो, ते या गाडीवर चालू इंजिनले कधीच करू नका, सेल्फ मारतानाही नाई. त्या लोखंडी बारीक पाइपात उभ्या गाडीवरही शेकडो बार आन् लोडले हजार बारच्या वर डिझेल असते, सुईसारखी धार निघते, ते कातड्यातून आत घुसते, वरून टोचल्याएवढंच दिसते आन् आतून हात सडते. माझ्या ओळखीच्या एका पोराचं बोट गेलं असंच. रबरी पाइप हे कमी प्रेशरकडचे, त्यायले हात लावाले हरकत नाई, तेही इंजिन बंद असताना.

तूर_आणि_टायर

हिंगणघाटवरून. वरच्या काकांचं वाचून माझं सांगतो. माझ्या गाडीला मागच्या वर्षी पी०१९३ आला, म्हणजे रेल प्रेशर सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. कोडमध्येच सेन्सरचं नाव आहे म्हटल्यावर मी काही विचार न करता सेन्सर आणला, टाकला, दुसऱ्याच दिवशी लाईट परत. मग एका वायरमननं बोनेट उघडून टॉर्च मारला तर सेन्सरपासून वीतभर मागं वायर उंदरानं कुरतडलेली. गाडी महिनाभर तुरीच्या पोत्यांजवळ शेडमध्ये उभी होती, दुसरं काय होणार. वायर तुटली की बऱ्याच गाड्यांत ईसीयूला जास्तीचं व्होल्टेज दिसतं, त्याला काय माहीत उंदीर आहे म्हणून. सोल्डर आणि स्लीव्ह, दीडशे रुपये. जुना सेन्सर अजून पडलेला आहे, चांगला आहे.

त्याच वायरमननं एक सांगितलं ते मी विसरत नाही, की एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच सेन्सरचे कोड एकदम आले तर चार-पाच सेन्सर एका रात्रीत मरत नाहीत, त्यांची सामायिक पाच व्होल्टची वायर, अर्थिंग नाहीतर बॅटरीचे टर्मिनल आधी पहा.

पऱ्हाटीवाला_२९

काका, गुरुजी, लय धन्यवाद, एवढं लिहून कोणी सांगत नाई. पाच दिवस लागले पण सगळं केलं, सगळं वहीत लिहून ठेवलं आहे.

फ्रीझ फ्रेम : आरपीएम २,३४०, स्पीड ४१, लोड ९६ टक्के, पाणी ९१ डिग्री. म्हणजे चढावरचाच आहे, आता पटलं.

गाडीले हातपंपच आहे, काळा फुगा फिल्टरच्या बाजूले, मागून आवाज वगैरे काई येत नाई. सकाळी चाबी ऑन, इंजिन बंद, रेल प्रेशर २०० दाखवलं. शंभरनं भागलं तं २ बार, म्हणजे शून्याजवळच म्हणाव ना? त्या हिशोबानं सेन्सर खोटं बोलत नाई असं मी समजून रायलो, चूक असन तं सांगा.

सरळ सेल्फ मारला तं ९ सेकंद लागले, पोरानं मोबाईलवर मोजले. दुसऱ्या दिवशी आधी फुगा दाबला, पयले एकदम नरम होता, वीस-बावीस वेळा दाबल्यावर कडक झाला, मंग सेल्फ मारला तं अर्ध्या सेल्फमंदी चालू! बॅटरी तीच, थंडी तीच. मी तं बायकोले हाक मारून दाखवलं, ती म्हणे हो चालू झाली ना, काय एवढं. पण मले तिथंच समजलं का काका काय म्हणून रायले होते.

उभ्या गाडीवर प्रेशर एका जागी रायत नाई, २६,००० ते ३१,००० असं नाचते. रविवारी यवतमाळच्या अलीकडच्या चढावर पुतण्याले बाजूले बसवून पाय दाबला, ९२,००० पर्यंत गेलं आन् मंग धाडकन ५१,००० वर आलं, लाईट लागला. बाटलीतलं डिझेल रात्रभर ठेवलं, खाली पाण्याची एकदम बारीक रेघ आहे, बस तेवढीच.

पंपरूम_अमरावती

शाबास. अशी वही घेऊन गिऱ्हाईक आलं असतं तं माझं अर्धं आयुष्य सोपं गेलं असतं.

२ बार म्हणजे शून्यच समजा, सेन्सर बरोबर आहे, तो नका बदलू. फुगा नरम होता आन् दाबल्यावर लगेच चालू झाली याचा अर्थ रात्री डिझेल मागं उतरते, म्हणजे कुठून तरी हवा आत येऊन रायली. प्रेशर उभ्या गाडीवर नाचते तेही हवेचंच लक्षण. तुमच्या फवारणीच्या पंपानं हवा धरली का दांडा मारून मारून हात दुखते पण नोझलवर दाब येत नाई, कारण पंप पाण्याऐवजी हवाच दाबत बसते, हवा आकसते. इथंही तेच. कमी लोडले डिझेल कमी लागते म्हणून भागून जाते, चढावर पाय पूर्ण दाबला का ईसीयू हजार-बाराशे बार मागते, पंप ओढाले जोर लावते, जेवढा ओढ जास्त तेवढी हवा जास्त, आन् प्रेशर कोसळते. ईसीयू इंजिन वाचवाले ताकद कापते, चाबी बंद-चालू केली का परत पूर्ण ताकद देते.

तुम्ही विचारसान का मंग डिझेल गळताना काहून दिसत नाई. कारण ही ओढाची बाजू आहे. तिथं भोक असन तं चालू इंजिनले डिझेल बाहेर येत नाई, हवा आत जाते. म्हणून खाली ठिबका शोधून काई सापडत नाई आन् लोक पंपावर जाते.

आता पारदर्शक पाइप आणा, डिझेल चालणारा, रबरी पाइपाच्याच मापाचा, दीडेक फूट, आन् दोन क्लिपा. इंजिन बंद करून फिल्टरच्या पुढचा, म्हणजे फिल्टर ते पंप जाणारा रबरी पाइप काढून त्या जागी हा लावा. फुगा दाबून भरून घ्या, मंग चालू करा. पयले एक-दोन मिनिटं बुडबुडे येईनच, तुम्ही पाइप उघडला होता, त्याले घाबरू नका. त्यानंतरही येतच रायले तं हवा आहे हे पक्कं. मंग तोच पाइप फिल्टरच्या मागं, टाकीकडून येणाऱ्या बाजूले लावा. मागं बुडबुडे नाई आन् पुढं आहे, तं चोर फिल्टरवरच. दोन्हीकडं आहे तं टाकीकडचा पाइप. हा पाइप लावून फक्त उभ्या गाडीवर पाहाचं, रस्त्यावर घेऊन नका निघू, पाहून झालं का काढून टाका.

फिल्टरवर निघालं तं खालचा पाणी दाखवणारा सेन्सर पाहाजा. बऱ्याच गाड्यांत जुन्या फिल्टरचा तो सेन्सर काढून नव्या फिल्टरले लावा लागते, त्याची ओ-रिंग, म्हणजे जोड बंद ठेवणारी रबरी गोल रिंग, नवीन टाका लागते, घाईमंदी जुनीच टाकते लोक. आन् दोन्ही ठिकाणी बुडबुडे नाईच निघाले तं मंग पुढं इंजेक्टरची रिटर्न टेस्ट, प्रत्येक इंजेक्टरचा रिटर्न पाइप येगळ्या बाटलीत सोडून सारख्याच वेळात कोणती बाटली जास्त भरते ते पाहतात. पण ते बेंचवाल्याकडं करा, घरी नाई. मले वाटते तिथवर जावंच लागणार नाई.

संत्रापट्टा

काका, आधी मी क्लिअर करा म्हटलं ते चुकलं, हे सगळं वाचून समजलं. माझ्या गाडीला जो कोड होता तो मी आज परत पाहिला, पी०२९९. गाडी ओढत नाही पहिल्यासारखी, आणि पाय दाबला की शिट्टीसारखा आवाज येते. वरुडवरून संत्र्याचे कॅरेट भरून जातो तेव्हा जास्त. टर्बो बदला म्हणून सांगितलं आहे मला. काय पाहू?

पंपरूम_अमरावती

पी०२९९ म्हणजे टर्बोचा, इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा, दाब कमी पडला, टर्बो मेला असं नाई. शिट्टी येते म्हणता तं आधी टर्बोपासून इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी) आन् तिथून इंजिनकडं जाणारे जाड रबरी पाइप पाहा. कुठं चिरलं असन तं तिथं ऑइलचा ओलावा आन् त्यावर धूळ बसलेली दिसते, क्लिप ढिली झाली तरी तसंच. खालच्या बाजूनं हात फिरवा, चीर बहुतेक खालीच असते, वरून पाइप नवाच दिसते. इंजिन थंड असताना. एअर फिल्टर पण काढून पाहा, आपल्याकडं कापसाचा आन् रस्त्याचा धुराळा एवढा आहे का सर्व्हिसच्या किलोमीटरची वाट पाहू नये. ते सगळं चांगलं निघालं तं टर्बोच्या व्हॅक्यूमचा बारीक पाइप. येगळा धागा काढा, तिथं लिहितो सविस्तर.

पऱ्हाटीवाला_२९

मंडळी, सापडलं!!

यवतमाळवरून पारदर्शक पाइप आणला, ७० रुपये. काकांनी सांगितल्यापरमाणं आधी फिल्टरच्या पुढं लावला. पाच मिनिटं झाली तरी बुडबुड्याची रांग चालूच, आरपीएम वाढवला का अजून जास्त. मंग फिल्टरच्या मागं लावला, दोन मिनिटांनी डिझेल एकदम काचेसारखं, एक बुडबुडा नाई. मी आन् पुतण्या दोघंही डोकं खाली घालून पाहातच रायलो.

फिल्टर काढून खाली पाह्यलं तं पाण्याच्या सेन्सरच्या भवताल धूळ चिकटून काळा चिखल झाला होता, गळत नव्हतं पण ओलसर होतं. सेन्सर खोलला. ओ-रिंग जुनीच, कडक झालेली, आन् एका जागी चिमटून कापलेली. सर्व्हिसिंगवाल्यानं जुनीच लावून दाबून बसवली असन. मी त्याच्या दुकानात भांडाले गेलो नाई, पण बाकीच्यायनं फिल्टर बदलताना समोर उभं राहून नवी ओ-रिंग टाकाले लावाव असं मले वाटते.

नवी ओ-रिंग स्पेअरच्या दुकानात सुट्टी मिळाली, ३० रुपये. डिझेलची द्या म्हणून सांगितलं, नाईतर ते नळाची देते. थोडं डिझेल लावून बसवली, हातानंच कसली, फुगा दाबला, सात-आठ वेळातच कडक. आता सकाळी सेल्फ लागत्याले चालू होते. उभ्या गाडीवर प्रेशर २८,००० च्या जवळपास एका जागी रायते. मंग कोड क्लिअर केला, आधी नाई. परवा मुद्दाम माहूरले गेलो, सहा माणसं, तोच चढ, तोच तिसरा गिअर. पुतण्या आकडे मोठ्यानं वाचून रायला होता, १,१८,००० वर गेलं आन् पाय काढेस्तोवर खाली आलं नाई. देवीले नारळ फोडलं ते फोडलंच.

साडेसात हजाराचा सेन्सर आन् चाळीस हजाराचा पंप दोन्ही वाचले काका. मंगळवारी बाबाले घेऊन गेलो, गाडीत झोपले ते दवाखाना येईपर्यंत.

दोन गोष्टी विचाराच्या राहिल्या. लाईट गेला आहे, आता परत काई पाहा लागते का? आन् ती बाटलीतली पाण्याची रेघ, मी कधीकधी ट्रॅक्टरच्या ड्रममधलं डिझेल गाडीत टाकतो, ते बंद करू का?

गुरुजी_वाशिम

फार बरं वाटलं वाचून. पहिल्याचं मी सांगतो. कोड क्लिअर केल्यावर ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या पहिल्यापासून सुरू होतात, म्हणून आठ-दहा दिवस रोजच्यासारखी चालवा, थंड स्टार्ट, थोडा हायवे, थोडा चढ, आणि मग ॲपमध्ये पेंडिंग कोड बघा. पेंडिंग म्हणजे एकदा गडबड दिसली पण लाईट लावण्याइतकी खात्री अजून झालेली नाही. तिथं पी००८७ दिसला नाही तर निवांत राहा. ती वही जपून ठेवा, उभ्या गाडीवर २८० बार, चढावर ११८० बार, हे तुमच्या गाडीचे चांगल्या तब्येतीचे आकडे आहेत, दोन वर्षांनी काही झालं तर तुलनेला दुसरीकडून आणावे लागणार नाहीत.

पंपरूम_अमरावती

ड्रमचं बंद करा भाऊ, या गाडीले तरी. ड्रम अर्धा रिकामा असला का रात्रीच्या गारव्यानं आतून घाम सुटते, ते पाणी खाली बसते. ट्रॅक्टरचा जुना पंप सहन करते, पण कॉमन रेलच्या इंजेक्टरमंदी सुट्या भागायमंदलं अंतर दोन-तीन मायक्रॉनचं असते, पाणी गेलं का गंज, गंज गेला का चारही इंजेक्टर. महिन्यातून एकदा फिल्टरखालचा ड्रेन सोडून बाटलीत पाहात जा, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी. ड्रेन कसताना पान्हा लावू नका, हातानंच, त्यालेही ओ-रिंग आहे. मंग फुगा दाबून घ्या आन् चालू करा.

आन् ती कापलेली ओ-रिंग फेकली नसन तं एक फोटो टाका इथं, बाकीच्यायले पाहाले होईन.

पऱ्हाटीवाला_२९

फेकली नाई काका, सुपारीच्या डब्बीत ठेवली आहे. उद्या उजेडात फोटो काढून टाकतो. ज्या गॅरेजवाल्यानं पंप सांगितला होता त्याले पण दाखवली, त्यानं बोटावर घेऊन उलटीपालटी केली आन् तो पारदर्शक पाइप कुठून आणला म्हणून विचारलं. दुकानाचा पत्ता देऊन दिला.